तिघी एका छताखाली नकोत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावेल एवढी काळी डबी, एका बाजूला वायर खोचायची खाच आणि पाठीवर लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके. ते दोन ठिपके म्हणजेच माझं नाव. एक ठिपका थोरली, दोन ठिपके मधली, तीन ठिपके धाकटी. मी मधली. कुठल्याही घरात मधलीच्या वाट्याला जे येतं तेच माझ्याही वाट्याला आलं. थोरलीचा मान नाही, धाकटीचे लाड नाहीत, आणि हरवली तर घरातल्यांच्या लक्षात सगळ्यात शेवटी येणार.

आता मी दमले आहे. त्यामुळे सावकाश सांगेन.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत, कारण धुळीचा एक कण आत शिरला तरी आमचं आयुष्य वाया जातं. माझ्या पोटात आरशासारखी चकचकीत तबकडी आहे. तिच्यावर, न टेकता, एक बारीक सोंड तरंगत असते. तबकडी गरगर फिरते, सोंड तिच्यावर लिहिते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. सोंड टेकली की सगळं पुसलं. भरलेली घागर डोक्यावर घेऊन धावत सुटायचं आणि थेंब सांडू द्यायचा नाही, तसं हे काम. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता मान दुखते.

आम्हा तिघींना एकाच दिवशी एका आवाजाच्या दवाखान्यात आणलं. असाही दवाखाना असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन व्हायचं असे आणि नंतर बोलता येणार नसे, अशी माणसं तिथे यायची. आधी त्यांचा आवाज भरून घ्यायचा. शेकडो वाक्यं त्यांच्याकडून वाचून घ्यायची. मग ते सगळं दूरच्या एका कंपनीकडे पाठवलं, की त्यातून एक बोलतं यंत्र तयार होऊन यायचं. बटणं दाबून लिहिलं, की ते यंत्र त्याच माणसाच्या आवाजात बोलायचं. ऑपरेशनच्या आधी आवाज भरला तर भरला. नंतर भरायला आवाजच नसतो.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. बाहेर काउंटर, चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ. वरच्या मजल्यावर कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान होतं. त्याची यंत्रं घरघरायला लागली की मॅडम रेकॉर्डिंग थांबवायच्या आणि छताकडे बघून सुस्कारा टाकायच्या. मॅडम म्हणजे आवाजाच्या डॉक्टर. साऱ्या गावाचे आवाज सांभाळणाऱ्या या बाईंचा स्वतःचा आवाज मात्र कायम बसलेला.

काउंटरवर ताई बसायच्या. माझी ही गोष्ट खरं तर ताईंचीच आहे. मी फक्त त्यांच्या पिशवीतून हिंडले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी ताईंना नियम सांगितला. "चोर आला, आग लागली, पाणी शिरलं, तर सगळं एकदम जायला नको. म्हणून या तीन आणल्यात. एक इथे कामावर, दोघी तुमच्या घरी. दर आठवड्याला आळीपाळीने बदलायच्या. पण तिघी या छताखाली कधीही एकदम नकोत."

"माझ्या घरी सुरक्षित राहतील," ताई म्हणाल्या. "सासूबाई असतात दिवसभर. चोर आला तर त्यालाच वाचवावं लागेल."

तेव्हापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सोमवारी सकाळी ताई आमच्यातल्या एकीला सुती मोज्यात घालून, जेवणाच्या डब्याला टेकवून, पिशवीतून दवाखान्यात न्यायच्या. आठवडाभर आवाज माझ्यात उतरवले जायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत मोजा, परत पिशवी, परत घर. घरी लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात आमची जागा होती. तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास असे, पण निजायला बरं होतं. मी माझ्या दोन आठवड्यांच्या विश्रांतीची फार वाट बघायचे.

ताईंना मात्र विश्रांती नव्हती. दवाखान्यात त्यांना दिवसभर हळू बोलावं लागे आणि घरी सासूबाईंना ऐकू कमी यायचं. दिवसभर हळू बोलून दमलेली ही बाई संध्याकाळी घरी येऊन ओरडून ओरडून दमायची. "आई, गोळी घेतली का?" "होळी? आत्ता कुठली होळी?" असं चालायचं. ताई कपाट उघडून मला आत ठेवताना कधी कधी तशाच क्षणभर कपाटात तोंड घालून उभ्या राहायच्या. लोकरीत आवाज येत नाही ना, म्हणून.

सुरुवातीला आमचं कौतुकही झालं. एकदा मॅडमच्या हातून एका शिक्षिकेची सगळी वाक्यं चुकून पुसली गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ताईंनी दुसऱ्या दिवशी मला घरून आणलं आणि माझ्यातून ती वाक्यं जशीच्या तशी निघाली. मॅडमनी माझ्या पाठीवर थोपटलं होतं. ते थोपटणं मला खूप दिवस पुरलं. पण मित्रांनो, काही बिघडलं नाही तर आमची आठवण कोणालाच येत नाही, आणि बहुतेक दिवस काही बिघडत नाही. वर्षं गेली. मोज्याला भोक पडलं. माझ्या पोटातून फिरताना टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आला की मला कानाशी धरायचा. त्याला ताईंनी नाव ठेवलं होतं 'रीस्टार्ट', कारण कशालाही त्याचा उपाय एकच. प्रिंटर अडला, रीस्टार्ट करा. वीज गेली, आली की रीस्टार्ट करा. एकदा ताईंचं डोकं दुखत होतं तर म्हणाला, "घरी जाऊन झोपा, ताई. सकाळी फ्रेश उठाल."

"म्हणजे रीस्टार्टच," ताई म्हणाल्या.

माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "ही मधली म्हातारी झाली. चालतेय तोवर चालवा."

चालतेय तोवर चालवा. हे वाक्य ऐकून ताईंनी मला त्याच्या हातातून काढून मोज्यात घातलं. माझ्या मते त्यांना ते माझ्यापुरतं वाटलं नाही.

अशात एक दिवस कुलूपवाले काका आले. बाजाराच्या तोंडाशी त्यांची किल्ल्या बनवायची टपरी होती. बुटके, रुंद हाताचे आणि अगदी मितभाषी. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. सोबत काकू होत्या.

"इतकी वर्षं संसार केला," काकू मॅडमना म्हणाल्या, "चार वाक्यं सलग बोलले नाहीत. आता आवाज जाणार म्हटल्यावर शेकडो बोलायची. आधी कळलं असतं तर आधीच डॉक्टरकडे आणलं असतं."

काका हसले.

गाद्यांच्या खोलीत त्यांना माइकसमोर बसवलं. त्या आठवड्याची खेप माझी होती, म्हणून सगळं मी ऐकलं. काका वाक्यं वाचायचे ती भिंतीवरची सूचना वाचावी तशी. "मला. पाणी. हवं आहे." "आज. हवा. छान आहे." तिथे ते थांबले.

"काय झालं, काका?"

"हवा छान आहे असं मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही."

"खरंय," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. "मी सांगायची. हे कुलूप बघायचे."

असं करत करत आठवडा गेला. एका दुपारी वाचता वाचता काका मध्येच थांबले, मान वळवली आणि अगदी वेगळ्याच, खालच्या, ऊबदार आवाजात म्हणाले, "तू जेवलीस का गं?"

"तुम्ही वाचा हो."

"नाही, आधी सांग."

"जेवेन नंतर. वाचा."

"डबा उघड आधी. मग वाचतो."

माइक चालूच होता. मॅडमची रीत अशी की खोकले, खाकरणं, इकडचं तिकडचं बोलणं नंतर कापून टाकायचं आणि फक्त साफ वाक्यं पाठवायची. पण कापणं पुढच्या आठवड्यात होणार होतं. त्या शुक्रवारी माझ्यात सगळं कच्चंच उतरलं, खोकल्यासकट आणि डब्याच्या झाकणाच्या आवाजासकट. मी ते मोज्यात घेऊन घरी गेले आणि लोकरीत झोपले.

काकांचं ऑपरेशन लवकरच झालं. जीव वाचला, आवाज गेला. ताई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा काकांनी किल्लीने खाटेच्या दांडीवर टक टक करून 'बसा' अशी खूण केली. ताईंनी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. सासूबाईंना ऐकू आलं नाही. ताईंनी पुन्हा सांगितलं नाही.

माझी पुढची खेप यायच्या आत दोन गोष्टी घडल्या.

पहिली घरात. सासूबाईंना शिवणकामाची हौस होती. त्यांचं पायाचं जुनं शिलाई मशीन खिडकीपाशी असायचं. तिथली एक फरशी खचलेली, त्यामुळे मशीनचा एक पाय अधांतरी राहायचा आणि मशीन चाललं की घरभर खडखड व्हायची. सासूबाईंना ती ऐकू येत नव्हती, पण पायाला जाणवायची. कागदाच्या घड्या सरकायच्या, लाकडाची चकती फुटायची. एका दुपारी शाल काढायला त्यांनी कपाट उघडलं. त्यांच्या हाती मी लागले. चपटी, टणक, अगदी हव्या त्या जाडीची. मला मोज्यातून काढून त्यांनी मशीनच्या पायाखाली सरकवलं आणि मोजा धुवायला टाकला. त्या टापटिपीच्या बाई आहेत.

दुसरी गोष्ट दवाखान्यात. रीस्टार्टने नवा, मोठा कॉम्प्युटर आणला. "शुक्रवारी तिन्ही डिस्क इथे हव्यात, ताई. सगळं यात ओततो, त्या पुसून नव्या करतो. सोमवारी परत घेऊन जा."

"तिघी एकदम?" ताईंनी मॅडमकडे पाहिलं. "एका छताखाली नकोत ना?"

मॅडमच्या हातात हेडफोन होते, बाहेर माणसं थांबली होती. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

ताईंनाही ते पटलं. दमलेल्या माणसाला असं सगळंच पटतं. शुक्रवारी निघायच्या घाईत त्यांनी कप्पा उघडला तर एकच मोजा. दुसरा दोरीवर वाळत होता. त्यांनी कप्पा उलथापालथा केला, सासूबाईंना विचारलं, "आई, काळी डबी पाहिली का?" सासूबाई म्हणाल्या, "साडी? कुठली काळी साडी?" ताईंची गाडी चुकायची वेळ झाली होती. एकीलाच घेऊन त्या निघाल्या; तिसरी त्या आठवड्यात दवाखान्यातच होती.

"हरवली?" मॅडम म्हणाल्या. "ताई, तुमच्याकडून हे कधी झालं नव्हतं." मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या.

शनिवार-रविवार दवाखाना बंद होता. वरच्या धुलाईच्या दुकानातला एक पाइप निसटला आणि पाणी छतातून आमच्या दोन खोल्यांत पडत राहिलं. कोणी पाहायला नव्हतं. सोमवारी ताईंनी दार उघडलं तेव्हा गाद्या फुगून भिंतीवरून लोंबत होत्या. जुना कॉम्प्युटर भिजलेला, नवा भिजलेला. थोरली आणि धाकटी खणात होत्या आणि खण काठोकाठ भरला होता. रीस्टार्टने थोरलीला उलटं केलं तर तिच्यातून साबणाचं पाणी गळलं. मी तिथे नव्हते. ताईंनी सांगितलं म्हणून मला कळलं. माझ्या बहिणी धुऊन स्वच्छ होऊन गेल्या. दुसरं काय म्हणू?

"रीस्टार्ट..." ताई म्हणाल्या.

"नाही होणार, ताई," तो म्हणाला. चेष्टेने ठेवलेल्या नावाला त्याने पहिल्यांदाच असं उत्तर दिलं.

मॅडम ओल्या खुर्चीवर बसल्या. बाकीच्यांची ऑपरेशनं व्हायची होती, ते पुन्हा येऊन बोलू शकत होते. ज्यांची झाली होती त्यांची यंत्रं मिळाली होती. राहिले होते एकच. काकांची साफ केलेली वाक्यं त्या याच आठवड्यात पाठवणार होत्या.

त्याच वेळी दारावर किल्लीची टक टक झाली. काका आणि काकू दारात उभे होते. त्यांची भेटीची वेळ होती आणि त्यांना कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. काकूंनी खोलीकडे पाहिलं, मग मॅडमच्या चेहऱ्याकडे. काकूंना कुलपांतलं काही कळत नसेल, पण चेहरा वाचता येत होता.

"गेलं का सगळं?" त्यांनी विचारलं.



"मधली घरी आहे," ताई म्हणाल्या. "हरवलीय. पण घरातच हरवलीय."

मग ताईंनी घर शोधलं. कपाटं, गाद्यांखाली, डबे, कचऱ्याची बादली. मी पायाखाली पडून त्यांचे पाय इकडून तिकडे जाताना बघत होते. हाक मारायला मला तोंड कुठे? सासूबाई वर मशीनवर बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या आणि मशीनचं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं.

"आई, चपटी काळी डबी! दोन लाल ठिपके!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?"

शेवटी ताई जमिनीवरच बसल्या, भिंतीला डोकं टेकून. डोळे मिटले. सासूबाईंचे पाय चालत होते, सुई चालत होती, अभ्रा पुढे सरकत होता. आणि मग ताईंनी डोळे उघडले. इतकी वर्षं आवाजाच्या दवाखान्यात काढली होती त्यांनी. काय ऐकू येत नाहीये, ते त्यांना ऐकू आलं.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "मशीन खडखडत का नाही?"

उत्तराची वाट न बघता त्या रांगत पुढे आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रिकामी डबी होती गं," सासूबाई वरून म्हणाल्या. "ना उघडते, ना मिटते. म्हटलं काहीतरी कामाला येईल."

ताईंनी मला पदराने पुसलं. रागवायला त्यांच्यात जोर उरला नव्हता. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सासूबाईंना वाटलं सून आपल्यालाच हसते आहे, म्हणून त्या रुसल्या.

रीस्टार्ट दुसऱ्या दिवशी स्वतःचा लॅपटॉप घेऊन ताईंच्या घरी आला. मॅडम आल्या. त्याने मला कानाशी धरून हळूच हलवलं. "बंद होती म्हणून निभावली. पण आधीच म्हातारी, त्यात इतके दिवस मशीनखाली. एकदा फिरेल. दुसऱ्यांदा फिरेलच असं सांगत नाही. आधी काय काढायचं ते ठरवा."

"काकांचं," मॅडम आणि ताई एकदमच म्हणाल्या.

वायर खोचली. मित्रांनो, खरं सांगते, मला अजिबात उठायचं नव्हतं. तबकडी जड झाली होती, सोंड थरथरत होती. टक्‌. मी थांबले. सासूबाईंनीही पाय थांबवले, आणि त्यांना तर काय चाललंय हेही माहीत नव्हतं. टक्‌ टक्‌. मग मी फिरले.

"आता कोणी हिला हात लावू नका," रीस्टार्ट कुजबुजला. "काही झालं तरी रीस्टार्ट नाही करायचं."

मी एकेक वाक्य दिलं. पाणी हवं आहे दिलं. हवा छान आहे दिलं. मध्ये मध्ये घागर डचमळायची, मी सावरायचे. ताई कानाला हेडफोन लावून नीट उतरतंय का ते ऐकत होत्या. अचानक त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हे ऐका."

मॅडमनी ऐकलं. तू जेवलीस का गं. डबा उघड आधी.

"हे मी कापून टाकलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"आता नका कापू," ताई म्हणाल्या.

काकांचं सगळं उतरलं. त्यानंतर मी इतरांचं थोडं थोडं दिलं, आणि एका परक्या बाईच्या अर्ध्या वाक्यावर सोंड टेकली. मला वाईट वाटलं नाही. ती बाई पुन्हा येऊन बोलू शकत होती.

पुढे दवाखाना दुसऱ्या जागी गेला. वरती कोणी धुलाईवाला नाही, आधी ताईंनी स्वतः जिना चढून पाहिलं. काकांचं यंत्र आलं. बाकीचं बोलणं त्यांना बटणांनी लिहून काढावं लागतं, पण एक बटण मॅडमनी कंपनीला सांगून वेगळं करून घेतलं. ते त्यांनी काकांना दाखवलं. काकांनी किल्ल्यांनी चरे पडलेलं रुंद बोट त्यावर ठेवलं आणि दाबलं.

तू जेवलीस का गं?

काकू खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्ता विचारतायत. चार वाजले."

काकांनी बटण पुन्हा दाबलं.

"जेवले हो," काकू म्हणाल्या. "जेवले."

हे ताईंनी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. या वेळी मोठ्याने, दोनदा. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बघ, मी पायाखाली ठेवली म्हणून वाचली."

मित्रांनो, दमलेल्यांचं कोणी फारसं ऐकत नाही, तरी सांगते. जे पुन्हा करता येणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या छताखाली असू द्या. दोनच दिवसांचा प्रश्न असेल तर ते दोन दिवससुद्धा. आणि ती प्रत जो पिशवीतून इकडून तिकडे नेतो, त्याच्याकडे अधूनमधून बघा. तोही टक्‌ टक्‌ करत असेल. चालतोय तोवर चालवू नका. आधीच थोडं बसू द्या.

दवाखान्यात आता नव्या तिघी आल्या आहेत. त्यांच्यासाठी सासूबाईंनी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या, एक, दोन, तीन लाल टाके घालून. दोन टाक्यांची पिशवी शिवताना मी तिथेच होते. मला कोणी फेकलं नाही. ताईंनी मला माझ्या जुन्या मोज्यात घातलं आणि मशीनच्या पायाखाली परत सरकवलं. माझ्यात आता कोणाचा आवाज नाही, कोणाची जबाबदारी नाही. शुक्रवारी ताई येतात, नव्या मधलीला लोकरीत ठेवतात, आणि मग माझ्या शेजारी जमिनीवर भिंतीला टेकून डोळे मिटतात. वर सुई चालत असते. खडखड होत नाही.